ओंबळेंच्या नावाचा कोळी

ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीचं 2021 मध्ये बारसं झालं: आयसियस तुकारामी. हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलिसांतले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे.

साताऱ्याच्या केडंबे गावचे ओंबळे आधी सैन्यात होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत त्यांच्या हाती फक्त लाठी होती. हल्लेखोर कसाबच्या एके-47 ची नळी त्यांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत हाती लागला. कटाचा सज्जड पुरावाच तो!

2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

कर्तव्यावर प्राण देणाऱ्या अशा पोलिसांच्या स्मरणाचा एक दिवस आहे: लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे 1959 मध्ये 10 पोलीस मारले गेले, म्हणून 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. पांढुर्णा-सौंसरकरांनो, त्या दिवशी ओंबळेंची हकीकत पोरांना जरूर सांगा.