हत्यार की अवजार? ऑर्डर घेण्यापूर्वी कारागिरांनी पाहण्याच्या गोष्टी

गेल्या बकरी ईदच्या आधी आमच्या ओळखीचे एक शिकलगार दुकानी आले. मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाले, "सेठ, पंधरा तलवारींची ऑर्डर आली आहे. लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायच्या, शोभेच्या. धार लावायची नाही. धार नाही म्हणजे हत्यार नाही ना?" आगाऊ रक्कमही त्यांनी घेतली होती. आम्ही कापडवाले, पण प्रश्न नेमका होता म्हणून एका वकील मित्राकडे बसून कायदा समजून घेतला. शिकलगार, लोहार, लेथवाले, कसाई आणि कटलरीचे दुकानदार अशा आपल्या अनेक बांधवांची रोजी या प्रश्नाशी बांधलेली आहे, म्हणून जे समजले ते येथे मांडतो.

मूळ कायदा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे जुने नियम जाऊन २०१६ साली नवे नियम आले, आणि २०१९ साली शिक्षा बऱ्याच वाढल्या. कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'शस्त्र' कशाला म्हणावे ते सांगितले आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडवलेली अथवा तशी बदलून घेतलेली वस्तू, ते शस्त्र. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू त्यातून वगळली आहे. काठी आणि साधी हातकाठी ही उदाहरणे कायद्यानेच दिली आहेत. खेळणेही वगळले आहे. पण ते खेळण्याखेरीज दुसऱ्या कामाचे नसावे आणि त्याचे खरे हत्यार करता येऊ नये, अशी अट आहे.

आता शिकलगारांची तलवार या अटीत बसते का? आम्ही त्यांनाच विचारले, "या तलवारीला धार लावायला तुम्हाला किती वेळ लागेल?" ते हसून म्हणाले, "पंधरा मिनिटे." उत्तर त्यातच आले. पोलादाचे पाते आज बोथट असले तरी उद्या धारदार होते, आणि नियमांत तलवारीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. गुप्ती, खंजीर, संगीन, भाला यांचीही नावे तेथेच आहेत. ज्या भागात केंद्र सरकारने कलम ४ ची अधिसूचना लागू केली असेल तेथे अशी वस्तू बाळगायलाही परवाना लागतो. घरात किंवा दुकानात तलवार सापडली की पोलिसांच्या कागदावर कलम ४ आणि २५ ही जोडी येते. त्याची शिक्षा एक ते तीन वर्षे कैद व दंड. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून फोटो टाकणारी पोरे याच कलमांखाली ठाण्यात बसलेली आपण वर्तमानपत्रात वाचतो.

नऊ इंचांचा एक मोठा गैरसमज बाजारात आहे. नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे. (नऊ इंच म्हणजे आम्हा कापडवाल्यांची एक वीत.) त्यावरून काहींना वाटते की आठ इंचांचे काहीही चालते, आणि काहींना वाटते की दहा इंचांची कुर्बानीची सुरी म्हणजे गुन्हा. दोन्ही चूक. त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यात धरायची नाहीत. तेव्हा कसायाचा बारा इंचांचा सुरा, कटिंग मास्टरची लांब कात्री, उसाचा कोयता ही अवजारे आहेत. उलट, पाते लहान असले तरी दोन्ही बाजूंनी धार आणि भोसकण्याचे टोक असलेला खंजीर हा कांदा कापायला बनवला असे कोणी मानणार नाही. पट्टी लावून मोजण्याआधी वस्तू कशासाठी घडवली ते पाहावे लागते.

पण अवजार कायदेशीर असणे वेगळे आणि ते रस्त्याने घेऊन जाणे वेगळे. येथे आपले लोक जास्त अडकतात. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे. त्यात तलवार-बंदुकीबरोबर सुरी, काठी आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगायला मनाई असते. मोडल्यास कलम १३५ चा गुन्हा. ईदच्या दिवशी पहाटे सुऱ्यांची पिशवी मोटारसायकलला लटकवून एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात जाणारे कसाई बांधव आपण दरवर्षी पाहतो. त्यांनी सुऱ्या कापडात गुंडाळून, पेटीत बंद करून, सामानाच्या तळाशी ठेवाव्यात. धार लावल्याची पावती, कामाला बोलावणाऱ्याचा फोन नंबर आणि कसाईकामाचा परवाना असल्यास त्याची प्रत जवळ असावी. यामुळे आदेशातून सूट मिळते असे नाही. नाक्यावरच्या हवालदाराला काम समजते, एवढा उपयोग नक्की होतो.

नीयतीला आपल्या दीनमध्ये पहिले स्थान आहे. सरकारी कामात मात्र नीयत कागदावर दिसावी लागते, आणि व्यापाऱ्याचा कागद म्हणजे बिल. जीएसटीच्या बिलावर आपण जो एचएसएन क्रमांक टाकतो त्यात हा फरक आधीच केलेला आहे. ८२ वे प्रकरण अवजारांचे : कुऱ्हाड, विळा, कोयता ८२०१, सुऱ्या ८२११, कात्र्या ८२१३. ९३ वे प्रकरण शस्त्रांचे, त्यात तलवार ९३०७. तलवार विकून बिलावर 'सुरी' लिहिणाऱ्याने लपवण्याचा पुरावा आपल्याच हाताने तयार केला. पार्सलचेही तेच. २०१८ साली औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या पार्सलांतून तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. माल पाठवणाऱ्या दुकानदाराचे नाव पार्सलवर असतेच.

लेथवाल्यांची जोखीम या सगळ्यांहून मोठी आहे. कायद्यात 'बंदूक' म्हणजे फक्त पूर्ण बंदूक नव्हे. तिचा सुटा भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही त्याच व्याख्येत येते. कलम ५ प्रमाणे बनवणे, विकणे, बदल करणे, दुरुस्त करणे, तपासून पाहणे, सर्वांना परवाना हवा. ओळखीच्याने "जरा घोडा अडकतो, बघ" म्हणून बंदूक आणून दिली तर ती दुरुस्तीही यातच आली. पूर्वी कलम ५ मोडण्याला तीन ते सात वर्षे शिक्षा होती. २०१९ पासून कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

आमच्या भागातील एका तरुणाने, 'मोटारीचा पार्ट' म्हणून आणलेला एक नमुना पाहून, चौकशी न करता दोन डझन नग काढून दिले. मजुरी नेहमीच्या दुप्पट होती, तेथेच शंका यायला हवी होती. चार महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्याचे पोलीस आले. मशीन मुद्देमाल म्हणून गेली आणि तिच्यावर चालणारी तीन घरे बसली. मुलाला जामीन मिळाला, खटला अजून चालू आहे. ताब्यात असण्याला जाणीव लागते, नकळत जवळ आलेली वस्तू म्हणजे ताबा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात म्हटले आहे, आणि वकील त्यावर भर देत आहेत. पण जाणीव होती की नव्हती हे साक्षीपुराव्याने ठरते, आणि तोवर तारखा पडत राहतात.

म्हणून प्रत्येक वर्कशॉपमध्ये जॉबची वही हवी. गिऱ्हाइकाचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पार्ट कोणत्या यंत्राचा आहे ते, आणि ड्रॉइंगवर त्याची सही. वापर सांगायला जो टाळतो त्याला चहा पाजून परत पाठवावे. झडती झालीच तर वाद घालू नये. पंचनामा वाचून मग सही करावी आणि जप्तीच्या यादीची प्रत मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटी घरातल्या जुन्या बंदुकीविषयी. वडिलांचा परवाना वडिलांच्या नावाचा असतो, वारशाने तो आपोआप मुलाकडे येत नाही. त्यांचा इंतकाल झाल्यावर बंदूक कपाटात ठेवून देणे म्हणजे विनापरवाना बाळगणे, आणि त्याला आता दोन ते पाच वर्षे शिक्षा आहे. कलम २१ प्रमाणे ती लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारस म्हणून परवान्याचा अर्ज करावा. एका माणसाला आता तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या बंदुकीला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती खरोखर तशी आहे हे आपण ठरवायचे नाही, जाणकाराकडून लिहून घ्यायचे.

शिकलगारांनी आगाऊ रक्कम परत केली आणि गिऱ्हाइकाला लाकडी तलवारींचा भाव दिला. त्याने पंधरापैकी सहा घेतल्या.