खरखर येते का?

सकाळी ८.४०
बीडच्या सुभाष रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात मिस्त्रींचं दुकान आहे. शटर कमरेपर्यंत वर गेलं आणि तिथंच अडकलं. मिस्त्री वाकून आत शिरले, आतून एक लाथ घातली, मग वर गेलं. आठ बाय दहाची जागा, भाडं महिना साडेतीन हजार. समोर मोबाइलवाला, बाजूला पिशव्यांच्या चेन बसवणारा.

झाडू नंतर, अगरबत्ती नंतर. आधी काल धुतलेले रेडिओ उन्हात. पायरीवर पत्रा टाकून त्यावर पाच सेट मांडले, पोटं उघडी. ऑक्टोबर २०२५ चा दुसरा आठवडा आहे, दसरा होऊन गेलाय. सप्टेंबरच्या पावसात सिंदफणा नदी काठच्या गावांत शिरली होती. तेव्हाचा चिखल अजून या डब्यांतून निघतोय.

हाताखालचा पोरगा बारावी झालेला. रोज तीनशे रुपये, शिवाय दोन चहा. तो सोल्डरिंग गन गरम करायला लावतो. पंचवीस वॅटची. टोक झिजून तिरकं झालंय, पण मिस्त्रींना तेच हाताला बसलंय.

सकाळी ९.१५
पहिला सेट वाळलाय. चिखलाचा रेडिओ आधी साध्या पाण्यानं धुतात, हे मी इथं पहिल्यांदा पाहिलं. पाण्यानं खराब झालेला रेडिओ परत पाण्यात? मिस्त्री म्हणाले, "पाण्यानं मरत न्हाई, पाण्यातल्या घाणीनं मरतो. अन् वल्ला असताना सेल घातले की मरतो." साध्या पाण्यानंतर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुन्या दातांच्या ब्रशनं. ते उडून जाताना आतलं पाणीही घेऊन जातं. मग दिवसभर ऊन.

स्पीकरचा कागद फुगून फाटलाय. तीन इंची नवा स्पीकर साठ रुपये. गँग, म्हणजे स्टेशन लावायच्या चाकामागचा कंडेन्सर, कडक झालाय. त्यात क्लीनरचा एक फवारा, मग वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडं फिरवणं. दोन सेल घातले, स्विच दाबला आणि कान लावला.

"खरखर येते का?" पोरानं विचारलं. येते. म्हणजे अर्धं काम झालं. पुढच्या मिनिटाला बीड आकाशवाणी लागली, १०२.९ वर. बाजारभाव चालू होते.

एकशे ऐंशी रुपये. असा नवा सेट साडेसहाशेला मिळतो. दोनशेच्या वर आकडा सांगितला की गिऱ्हाईक समोरच्या काचेकडं बघायला लागतं.

सकाळी १०.२०
शिरूर कासारकडचं जोडपं. दिवाळी झाली की टोळीबरोबर सांगलीकडं ऊसतोडीला जायचं. मुकादमाची उचल घेऊन झालीय. रेडिओ बाईनं पदराखालून काढला, पिशवीत नव्हता.

"चार्जिंगचा नवीन घ्या की," पोरगा म्हणाला.

"कोपीत लाईट कुठाय? मोबाइलच ट्रॅक्टरवर चार्ज करायलाव," बाई म्हणाल्या. "सेलवरचाच पाह्यजे." कोपी म्हणजे ऊसतोडीवरची झोपडी.

अँटेना मुळातून मोडलीय आणि सेलच्या स्प्रिंगवर गंज आहे. अँटेना पन्नास, स्प्रिंग दहा, मजुरी साठ. बाईंनी शंभरची नोट ठेवली आणि हात मागं घेतला. नवरा दुसरीकडं बघत उभा. मिस्त्रींनी नोट उचलली. वर फुकट सल्लाही दिला, पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, सेल काढून ठेवा. बाई म्हणाल्या, "मागल्या साली न्हाई काढले, म्हणून तर आलो."

सकाळी ११.१०
अंबाजोगाईचा इंजिनिअरिंगचा पोरगा. सॅकमधून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून काउंटरवर ठेवली. पहिल्या नजरेला वॉकीटॉकी वाटते, पण बोलायचं बटण नाही. हा स्कॅनर. नुसता ऐकणारा रेडिओ. एका स्टेशनवर बसत नाही, दिलेल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक चाळत जातो आणि कुठं कोणी बोलताना सापडलं की थांबतो. पुण्याच्या मामानं कपाट आवरताना दिला. चालू होत नाही.

मिस्त्रींनी हात लावायच्या आधी विचारलं, "कशाला पाह्यजे? पोलिसांचं ऐकायचं असंल तर उचल अन् घरी जा. दुसऱ्याचा मेसेज चोरून ऐकणं कायद्यात बसत न्हाई."

पोरगं गडबडलं. मग मोबाइल काढून दाखवायला लागलं. जुलैत अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओनं, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओनं, विद्यार्थ्यांशी बोलले होते. ते स्थानक चारेकशे किलोमीटर उंचावरून जातं, आणि हॅमच्या गप्पांसाठी तिथून येणारा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो. याला तो ऐकायचाय. पुढं हॅमच्या लायसनची परीक्षाही द्यायचीय. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या वडिलांनी साध्या रेडिओसाठी पोस्टात लायसनचे पैसे भरलेले. ते बुक अजून घरात आहे. लायसन शब्द ऐकला की मिस्त्री जरा नरम पडतात, असं हाताखालच्या पोरानं नंतर मला सांगितलं.

झाकण उघडलं. आत चार सेल, दोन फुटलेले. पांढरी भुकटी, तिच्याखाली पट्ट्यांवर हिरवं चढलंय. मिस्त्रींनी नखानं एक बारीक स्विच दाखवला, सेलच्या खाचेतच. एका बाजूला साधे सेल, दुसऱ्या बाजूला चार्जिंगचे. स्विच चार्जिंगवर, सेल साधे. "कुणीतरी साधे घालून चार्जरला लावले. साधा सेल चार्ज केला की असाच वकतो."

पॉलिश पेपर त्यांनी घेतला नाही. पट्टीवरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंज. कान कोरायच्या काडीला लिंबू. अल्कलाइन सेलमधून गळतं ते क्षार, त्याला आंबट लागतं. भुकटी फसफसली. मग ओली काडी, मग आयपीए. यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात दोन गिऱ्हाइकं येऊन "नंतर येतो" म्हणून गेली.

नवे सेल घातले. पडदा उजळला. आवाज नाही. पोराचा चेहरा पडला.

"थांब की." मिस्त्रींनी दुसरं बटण फिरवलं, आवाजाचं नाही, स्क्वेल्चचं. हे बटण म्हणजे दार. कोणी बोलत नसताना नुसती खरखर कानी पडू नये म्हणून ते आवाज अडवतं. फार आवळलं तर खऱ्या माणसालाही अडवतं. पूर्ण उघडलं आणि दुकानभर खरखर झाली. समोरच्या मोबाइलवाल्यानं मान वर केली.

खरखर आहे म्हणजे स्पीकर जिवंत, आतला आवाजाचा भाग जिवंत. मग आवळत आवळत जिथं खरखर नेमकी बंद पडते, तिथं थांबायचं. त्यापुढं एक रेघही नको.

आता खरंच ऐकू येतं का? हवेत कोण बोलतंय ते आपल्या हातात नाही. मिस्त्रींनी फळीवरून एक वॉकीटॉकी उचलली. मंडपवाल्याच्या तीन दुरुस्तीला आल्यात, ४४६ मेगाहर्ट्झच्या. ४४६.० ते ४४६.२ हा पट्टा २०१८ पासून कमी ताकदीच्या सेटना बिनलायसनचा आहे. त्यातल्या एकीचं बटण चालतंय. हाताखालचा पोरगा ती घेऊन बोळाच्या तोंडाशी गेला. "हॅलो, हॅलो, मिस्त्री!" स्कॅनर चाळत होता तो चाळतच राहिला. थांबला नाही.

अँटेना हलवली. एकदम थांबला आणि "मिस्त्री" एवढंच ऐकू आलं. दोष सापडला. अँटेनाचा जोड आत सैल होता, मधल्या पिनचा टाका सुटलेला. मल्टीमीटरच्या दोन सुया लावल्या, हलवलं की टिक, सोडलं की गप्प. जुना टाका शोषून काढला, फ्लक्स, नवा टाका. तीन सेकंदांच्या वर गन टेकवायची नाही, नाहीतर खालचा तांब्याचा पट्टा उखडतो. मिस्त्रींचा श्वास तेवढा वेळ बंद होता.

शेवटी एक वायर कापली. "किती सेंटिमीटर?" मी विचारलं. अंबाजोगाईचा पोरगाच बोलला, १४५ ची लाट दोन मीटरची, तिचा पाव भाग, थोडा कमी, एकोणपन्नास. मिस्त्रींनी पट्टी लावून एकोणपन्नास कापली. "रबराची आखूड अँटेना खिशासाठी. गच्चीवर ही लाव. अन् वॉकीटॉकी बोलत असताना ह्याला खेटून ठेवू नको, म्होरचा भाग जळतो."

दुपारी १.३०
अडीचशे रुपये. अशी वस्तू नवी घ्यायची तर दहा हजारांच्या पुढं. मी म्हणालो, पाचशे दिले असते त्यानं. मिस्त्री म्हणाले, "पार्ट कोणता लागला? काहीच न्हाई." दोन तास गेले, ते त्यांनी मोजले नाहीत. मला हा हिशेब पटला नाही. पण दुकान माझं नाही.

जेवण. ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा. हात पेट्रोलनं धुतात, मग साबणानं.

दुपारी २.४५
वॉकीटॉक्या. गरब्यात पावसात भिजलेल्या. दोघींची बोलायची बटणं आत चिकटलीत, एकीचं चार्जिंगचं टोक काळं. बटणं दहा रुपयांना एक. प्रत्येकी शंभर. मंडपवाला फोनवर घासाघीस करून थकला आणि हो म्हणाला.

दुपारी ४.१०
लाईट गेली. गन थंड. मग कोरडी कामं, स्क्रू वेगळे करणं, मोडक्या सेटांतून गँग, जॅक, कॉइल काढून ठेवणं. पार्ट पूर्वी छत्रपती संभाजीनगरहून एसटीनं यायचे, अजूनही येतात. अहिल्यानगरची रेल्वे १७ सप्टेंबरला सुरू झाली. ती पाहायला मिस्त्री अजून गेलेले नाहीत. गिऱ्हाईक जातं ना, म्हणतात.

संध्याकाळी ६.२०
लाईट आली. एक टॉर्च, एक घड्याळ, एक इयरफोनचा जॅक. मिळून दीडशे.

रात्री ७.५०
फोन. अंबाजोगाईचं पोरगं. बटणं दाबली तरी काहीच होत नाही.

"पडद्यावर किल्ली दिसायलीय का? ... मग की-लॉक हाय ते. दाबून धर. ... सुटलं? अन् झोपताना सेल काढ."

रात्री ८.२०
वहीत जमा ९८०. जोडप्याच्या रेडिओची अँटेना जुन्या सेटातली होती, ती धरलेली नाही. स्पीकर ६०, स्प्रिंग आणि बटणं ३०, आयपीएची बाटली १२०, चहा ५०. पोराचे तीनशे. उरले ४२०. भाडं आणि लाईटबिल त्यातूनच. उद्या गेवराईहून सात सेट येणार आहेत, सगळे चिखलाचे. पोराला नवा ब्रश आणायला सांगितलाय.