कृत्रिम बुद्धिमत्ता, सामाजिक शास्त्रांच्या संशोधनातील

राज्यसंस्था, निवडणुका, लोकमत, न्यायव्यवहार, सामाजिक स्तरीकरण इ. विषयांच्या अभ्यासात वर्गीकरण, अनुमान व भाकीत यांसाठी केला जाणारा बुद्धिसदृश संगणकीय तंत्रांचा पद्धतशीर वापर. या तंत्रांत संगणकाला प्रत्येक पायरीचा नियम सांगितला जात नाही. पुरेशी उदाहरणे पुरविल्यावर त्यांतील साम्यभेद तो संख्याशास्त्रीय रीतीने स्वतःच शोधून काढतो. सामाजिक शास्त्रांत त्यांचे उपयोजन मुख्यतः चार प्रकारे होते : (१) मोठ्या लेखसंग्रहांचे आशय-विश्लेषण, (२) व्यक्ती वा घटना यांचे वर्गीकरण, (३) भावी घटनांचे भाकीत आणि (४) मानवी वर्तनाचे प्रतिरूपण.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या दोन ज्ञानशाखांचा संबंध जुना आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रवर्तकांपैकी एक हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) हे मूळचे राज्यशास्त्रज्ञ. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये त्यांना राज्यशास्त्रातील डॉक्टरेट दिली. प्रशासनातील निर्णय घेणाऱ्या व्यक्तीची माहिती व विचारशक्ती मर्यादित असते, या त्यांच्या सिद्धांतातूनच यंत्राकरवी विचारप्रक्रियेचे अनुकरण करण्याची त्यांची जिज्ञासा वाढीस लागली. ॲलन न्यूएल यांच्यासह त्यांनी १९५६ च्या सुमारास तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी संगणकीय आज्ञावली तयार केली.

दुसरा प्रवाह आशय-विश्लेषणाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरल्ड लासवेल (१९०२–७८) यांनी प्रचारसाहित्यातील शब्द व प्रतीके यांची मोजदाद करण्याची पद्धत विकसित केली. हे काम माणसे हातांनी करीत. १९६० नंतरच्या दशकात हार्व्हर्ड विद्यापीठात फिलिप स्टोन व त्यांचे सहकारी यांनी शब्दकोशाच्या आधारे अशी मोजणी करणारी आज्ञावली रचली. याच काळात फ्रेडरिक मॉस्टेलर व डेव्हिड वॉलेस यांनी अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ‘फेडरॅलिस्ट’ निबंधमालेचा अभ्यास केला. एकूण ८५ निबंधांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालू होता. उभयतांच्या निर्विवाद लेखनात काही साधी अव्यये किती वेळा येतात, हे मोजून सर्व १२ निबंध मॅडिसनचे असण्याची संभाव्यता फार मोठी असल्याचे त्यांनी १९६४ मधील ग्रंथात दाखविले. लेखकाचा विषय बदलला, तरी अव्ययांची सवय सहसा बदलत नाही, हे या पद्धतीमागील मर्म होय.

१९५९ मध्ये अमेरिकेत ‘सिम्युलमॅटिक्स’ नावाची कंपनी स्थापन झाली. जुन्या लोकमत-पाहण्यांच्या आधारे तिने मतदारांचे ४८० प्रकार कल्पून, एखाद्या प्रश्नावर उमेदवाराने विशिष्ट भूमिका घेतल्यास प्रत्येक प्रकारचा मतदार काय करील, याचे संगणकीय प्रतिरूप १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी तयार केले. ही कंपनी १९७० मध्ये बुडाली. तथापि मतदारांचे मन यंत्रात उभे करता येईल, ही तिची कल्पना पुढे अनेक रूपांनी प्रकट झाली.

कार्यपद्धती : मोठ्या लेखसंग्रहाच्या अभ्यासात दोन पद्धती रूढ आहेत. पहिली मार्गदर्शित पद्धत. उदा., विधिमंडळातील एक लाख भाषणांपैकी कोणती शेतीविषयक आहेत, हे ठरवावयाचे असल्यास त्यांतील दोन हजार भाषणे जाणकार व्यक्ती वाचतात व त्यांवर खूण करतात. त्यांपैकी काही भाग संगणकाला शिकविण्यासाठी वापरतात आणि उरलेला भाग परीक्षेसाठी राखून ठेवतात. राखीव भागावरील यंत्राचे उत्तर माणसांच्या उत्तराशी पुरेसे जुळले, तरच उर्वरित भाषणांचे काम त्याच्याकडे सोपविले जाते. दुसऱ्या, अमार्गदर्शित पद्धतीत अशा खुणा नसतात. कोणते शब्द वारंवार एकत्र येतात, यावरून संगणक विषयांचे गट पाडतो. २००३ मध्ये डेव्हिड ब्लाय, अँड्रू इंग व मायकेल जॉर्डन यांनी मांडलेली विषय-प्रतिमानाची पद्धत या प्रकारातील असून ती विशेष प्रचारात आली. गट पाडणे हे यंत्राचे काम असले, तरी त्याला अर्थ व नाव देणे हे अभ्यासकाचेच काम असते.

२०१७ नंतर विकसित झालेली विशाल भाषिक प्रतिमाने प्रचंड लेखसंग्रहावरून पुढील शब्दाचे अनुमान करावयास शिकतात. साध्या भाषेत सूचना दिली असता ती वर्गीकरण, सारांशलेखन व भाषांतर करतात. २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाल्यावर संशोधनातही त्यांचा वापर झपाट्याने वाढला.

महत्त्वाची संशोधने : चीनमधील माहितीनियंत्रणाचा गॅरी किंग, जेनिफर पॅन व मार्गारेट रॉबर्ट्स यांनी केलेला अभ्यास (२०१३) या क्षेत्रात मूलगामी मानला जातो. सुमारे १,४०० चिनी संकेतस्थळांवरील मजकूर तो काढून टाकला जाण्यापूर्वीच त्यांनी संगणकाद्वारे गोळा केला व नंतर त्यांतील कोणता मजकूर नाहीसा झाला, हे तपासले. शासनावरील कडक टीका बहुधा तशीच राहते. मात्र लोकांना एकत्र येऊन कृती करण्यास प्रवृत्त करू शकेल असा मजकूर, मग तो शासनाला अनुकूल का असेना, काढला जातो, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष थोड्याशा वाचनातून हाती येणे अशक्य होते.

भारतातील न्यायालयांच्या संगणकीकृत नोंदींवर आधारलेला एक अभ्यासही उल्लेखनीय आहे. २०१०–१८ या काळातील पन्नास लाखांहून अधिक फौजदारी खटल्यांत न्यायाधीश व आरोपी यांचे लिंग व धर्म त्यांच्या नावांवरून यंत्राकरवी अनुमानाने ठरविण्यात आले. आपल्याच लिंगाच्या वा धर्माच्या आरोपीला न्यायाधीश सरासरीने लक्षणीय झुकते माप देतात, असे दिसून आले नाही. यावरून न्यायव्यवस्था सर्वस्वी निःपक्षपाती आहे, असे मात्र म्हणता येत नाही. कारण अटक कोणाला होते किंवा सर्वच न्यायाधीशांत समान असलेला पूर्वग्रह, या गोष्टी अशा तुलनेत दिसू शकत नाहीत.

भाकिताच्या मर्यादा : माहिती व यंत्रशक्ती पुरेशी असली, की माणसाचे भवितव्य सांगता येते, या समजुतीची कसोटी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रयोगात लागली. चार हजारांहून अधिक अमेरिकी कुटुंबांविषयीची बालकाच्या जन्मापासूनची सुमारे तेरा हजार चलांची माहिती १६० संशोधक-गटांना देण्यात आली. त्यांनी मुलांची शालेय प्रगती, कुटुंबाला राहत्या घरातून बाहेर काढले जाण्याची शक्यता इ. सहा बाबींचे भाकीत करावयाचे होते. सर्वोत्तम भाकितेही फारशी अचूक नव्हती आणि केवळ चार चलांवर आधारलेल्या साध्या सूत्राहून ती किंचितच सरस ठरली. यंत्रशिक्षणात आणखी एक दोष आढळतो. परीक्षेसाठी राखलेली माहिती नकळत शिकवणीत मिसळली, तर निकाल आभासी यश दाखवितो. सायश कपूर व अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये १७ विद्याशाखांतील २९४ निबंधांना या दोषाची बाधा झाल्याचे दाखविले. यादवी युद्धांच्या भाकितांविषयीच्या निबंधांतील असे दोष दूर केल्यावर गुंतागुंतीच्या पद्धतींचे जुन्या सांख्यिकीय पद्धतींवरील श्रेष्ठत्व टिकले नाही.

प्रातिनिधिकतेचा प्रश्न : १९३६ मध्ये अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या व त्यांवरून लँडन निवडून येतील असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. संख्येची विपुलता म्हणजे प्रातिनिधिकता नव्हे, हा या घटनेचा धडा संगणकयुगातही लागू आहे. २०२३ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी भाषिक प्रतिमानाला विशिष्ट वय, वंश, शिक्षण व पक्षनिष्ठा असलेल्या व्यक्तीची भूमिका देऊन त्याच्याकडून पाहणीची उत्तरे मिळविली. ती बऱ्याच अंशी प्रत्यक्ष उत्तरांशी जुळली. तथापि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अशा कृत्रिम उत्तरांची सरासरी खऱ्या पाहणीच्या जवळपास असली, तरी त्यांतील विविधता कमी असल्याचे आढळले. प्रश्नाची शब्दयोजना किंचित बदलली किंवा तोच प्रश्न काही महिन्यांनी विचारला, तरी उत्तरे बदलत. सर्वसाधारण मतापासून वेगळे मत असलेला माणूस अशा नमुन्यातून प्रथम नाहीसा होतो आणि लोकमताच्या अभ्यासात अनेकदा त्याचेच मत जाणून घ्यावयाचे असते.

भारतासारख्या बहुभाषिक समाजात ही अडचण अधिक तीव्र आहे. मराठी ही २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८·३ कोटी लोकांची मातृभाषा आहे. परंतु यंत्रांना शिकविण्यासाठी उपलब्ध असलेले मराठी लेखन इंग्रजीच्या तुलनेने अत्यल्प असून तेही बहुतांशी नागर व प्रमाणभाषेतील आहे. ज्यांचे म्हणणे लिहिलेच गेले नाही, त्यांचे मत लेखसंग्रहातून मिळणे संभवत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन मुलाखती घेणाऱ्या क्षेत्रीय पाहणीला पर्याय नाही. विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६० नंतरच्या दशकापासून जोपासलेली निवडणूक-अध्ययनांची परंपरा या दृष्टीने आजही मोलाची आहे.

नैतिक व वैधानिक बाजू : नावावरून धर्म वा जात ओळखणारे साधन विषमता उघडकीस आणू शकते, तेच साधन विशिष्ट समाजातील व्यक्तींना हेरण्यासाठीही वापरता येते. लक्षावधी फेसबुक-सदस्यांची खाजगी माहिती ‘केंब्रिज ॲनालिटिका’ या कंपनीने राजकीय प्रचारासाठी मिळविल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. तिचा उगम शैक्षणिक संशोधनाच्या नावाखाली केलेल्या प्रश्नावलीत होता. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने (२०२३) संशोधनाला काही सवलत दिली आहे. परंतु त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये व विहित मानके पाळली जावीत, अशा अटी घातल्या आहेत.

मूल्यमापन : कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सामाजिक शास्त्रज्ञाच्या वाचनाचा आवाका वाढला, हे निर्विवाद आहे. मात्र साम्य दाखविणे व कारण सांगणे या भिन्न गोष्टी आहेत. कोणता प्रश्न विचारावा, ‘लोकशाही’ वा ‘पक्षपात’ या संकल्पनांचा अर्थ काय धरावा आणि मोजलेली संख्या त्या अर्थाशी खरोखर जुळते काय, याचा निर्णय अभ्यासकालाच करावा लागतो. खाजगी कंपन्यांच्या मालकीची प्रतिमाने वेळोवेळी बदलत असल्याने तोच प्रयोग पुन्हा करून निष्कर्ष पडताळून पाहणेही दुष्कर होते. म्हणून वापरलेल्या प्रतिमानाची आवृत्ती, दिलेल्या सूचना व माणसांनी केलेली पडताळणी यांची नोंद प्रसिद्ध करणे आवश्यक ठरते. हे पथ्य पाळले नाही, तर यंत्राचे मत लोकमत म्हणून प्रसृत होण्याचा धोका संभवतो आणि त्यावर आधारलेल्या धोरणांचे परिणाम मात्र प्रत्यक्ष माणसांनाच भोगावे लागतात.