थोरियानाइट : गुण, कूळ आणि नाव

भारतीय कलेचे भाष्यकार म्हणून आनंद कुमारस्वामी यांचे नाव सुशिक्षित समाजाला परिचित आहे. नटराजाच्या मूर्तीमागील अर्थ पाश्चात्त्य जगाला उलगडून सांगणारा हा पंडित मूळचा भूवैज्ञानिक होता, ही गोष्ट मात्र फारशी ठाऊक नसते. १९०३ ते १९०६ या काळात ते सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, खनिज सर्वेक्षणाचे संचालक होते. १९०४ साली त्या बेटावरील रत्ने सापडणाऱ्या वाळूगोट्यांतून काही लहान, काळे आणि आकाराच्या मानाने विलक्षण जड असे खडे त्यांच्यापुढे आले. त्यांनी त्यांची नोंद युरॅनिनाइट, म्हणजे युरेनियमचे ऑक्साइड, अशी केली. पुढे लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटचे संचालक विंडम डन्स्टन यांनी या खड्यांचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यांत युरेनियमपेक्षा थोरियमच कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. खड्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग थोरियम ऑक्साइडचा होता. हे निराळे खनिज आहे असे ठरवून डन्स्टन यांनी त्याला थोरियानाइट हे नाव दिले.

वरवर पाहता ही एका नोंदीतील दुरुस्ती वाटते. परंतु खनिजशास्त्रात नाव ही केवळ ओळखचिठ्ठी नसते. पदार्थाची घडण, त्याचे सोयरे आणि त्याच्याकडून काय अपेक्षावे, हे सारे त्या नावात साठवलेले असते. म्हणून नाव चुकले तर पुढचा विचारही चुकण्याचा संभव असतो.

प्रथम या खनिजाची बाह्य लक्षणे पाहू. थोरियानाइटचे स्फटिक बहुधा घनाकृती, म्हणजे फाशासारखे, असतात. कित्येकदा दोन स्फटिक एकमेकांत घुसून वाढलेले, अशी जुळी जोडीही आढळते. रंग काळा, करडा किंवा तपकिरी. चमक राळेसारखी किंवा काहीशी धातूसारखी. खरबरीत पांढऱ्या फरशीवर खडा घासला असता जी रेघ उमटते तिला कस म्हणतात; थोरियानाइटचा कस करडा ते हिरवट करडा असतो. कठिनता साडेसहा ते सात, म्हणजे जवळजवळ गारेइतकी. तरीही खडा ठिसूळ असतो. सर्वांत ठळक लक्षण म्हणजे त्याचे वजन. गारेचे विशिष्ट गुरुत्व २.६५ आणि लोखंडाचे ७.९, तर या खनिजाचे ९.७ च्या आसपास आहे. मूळ खडक झिजून त्यातील कण पाण्याबरोबर वाहू लागले की हलकी वाळू पुढे जाते आणि असे जड, टिकाऊ कण मागे राहतात. नीलमण्यांच्या शोधात वाळूगोटे धुणाऱ्यांच्या हाती थोरियानाइट लागतो तो याच कारणाने.

ही सारी लक्षणे युरॅनिनाइटशी इतकी मिळतीजुळती आहेत की केवळ डोळ्यांनी व हातांनी दोहोंत भेद करणे अवघड जावे. या साम्याचे कारण अंतर्रचनेत आहे. खनिजांचे आधुनिक वर्गीकरण दोन गोष्टींवर उभे आहे : रासायनिक घटक आणि अणूंची मांडणी. थोरियानाइटमध्ये थोरियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असतात. म्हणून त्याचा वर्ग ऑक्साइडांचा. थोरियमच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे आठ आणि ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूभोवती थोरियमचे चार अणू, अशी त्याची मांडणी आहे. फ्ल्युओराइट या खनिजाची रचना नेमकी अशीच असल्याने तिला फ्ल्युओराइटची रचना म्हणतात. युरॅनिनाइट आणि सिरियम धातूचे ऑक्साइड असलेले सिरियानाइट यांचीही घडण मूलतः हीच. अशा रीतीने ही तीन खनिजे एका गटातील भावंडे ठरतात.

थोरियम आणि युरेनियम यांचे अणू आकाराने जवळजवळ सारखे असल्यामुळे या रचनेत एकाची जागा दुसरा सहज घेऊ शकतो. परिणामी एका टोकाला शुद्ध थोरियम ऑक्साइड, दुसऱ्या टोकाला शुद्ध युरेनियम ऑक्साइड आणि मध्ये सर्व प्रमाणांतील मिश्रणे, अशी अखंड मालिका तयार होते. निसर्गाने या मालिकेत कोठेही कुंपण घातलेले नाही. ते शास्त्रज्ञांनी घातले आहे, आणि तेही अगदी मध्यावर. युरेनियमपेक्षा थोरियमचे अणू अधिक असतील तर ते थोरियानाइट, उलट असेल तर युरॅनिनाइट. ज्या थोरियानाइटमध्ये युरेनियमचा अंश बराच असतो त्याला युरॅनोथोरियानाइट असे उपनाव देतात. शुद्ध थोरियम ऑक्साइड पांढरे असते. नैसर्गिक खड्याला येणारा काळेपणा मुख्यतः युरेनियमामुळे येतो. म्हणजे ज्या रंगामुळे तो युरॅनिनाइटसारखा दिसतो, तो रंगही त्याने शेजाऱ्याकडूनच घेतलेला असतो.

थोरियम असलेले प्रत्येक खनिज या गटात बसते असे मात्र नाही. थोराइट हे थोरियमचे सिलिकेट आहे. दोन्ही किरणोत्सर्गी असली तरी त्यांची वर्तणूक भिन्न आहे. थोराइटची अंतर्रचना स्वतःच्याच किरणोत्सर्गाच्या माऱ्याने कालांतराने विस्कटते आणि तो बाहेरून स्फटिक दिसला तरी आतून काचेसारखा अव्यवस्थित होतो. थोरियानाइटची रचना हा मारा कोट्यवधी वर्षे सोसूनही शाबूत राहते.

नाव नीट लागल्याचे फळ लवकरच दिसून आले. थोरियम व युरेनियम यांचे अणू फुटताना जे अल्फा कण बाहेर पडतात, तेच पुढे हेलियम वायूचे अणू होतात. हा वायू खनिजात अडकून राहतो. श्रीलंकेतील थोरियानाइटच्या एका ग्रॅमातून सुमारे नऊ घन सेंटिमीटर हेलियम मिळाला. हा वायू वर्षाला किती निर्माण होतो हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट स्ट्रट यांनी प्रत्यक्ष मोजले आणि १९१० साली असे दाखवले की एवढा साठा होण्यास किमान वीस कोटींहून अधिक वर्षे लागली असली पाहिजेत. हेलियमचा काही भाग निसटून जातो, म्हणून हा आकडा खालची मर्यादाच होती. पुढील मोजणीत श्रीलंकेच्या त्या खडकांचे वय त्याच्या दुपटीहून अधिक ठरले. पृथ्वीचे वय काही कोटी वर्षांपलीकडे नेण्यास कचरणाऱ्या त्या काळात या लहानशा खड्याची साक्ष मोलाची होती.

याच सुमारास लंडनमध्ये सर विल्यम रॅमझे यांच्या प्रयोगशाळेत ऑटो हान हा तरुण जर्मन रसायनज्ञ काम करीत होता. थोरियानाइटपासून मिळालेल्या बेरियमच्या क्षारातून रेडियम वेगळे करण्याचे काम त्याच्याकडे आले. ते करताना १९०५ साली त्याला एक नवाच किरणोत्सर्गी पदार्थ सापडला. त्याला त्याने रेडिओथोरियम म्हटले. आज तो थोरियम २२८ या नावाने ओळखला जातो. युरेनियमच्या अणूचे विभंजन १९३८ साली ज्याने दाखवून दिले, तो हाच हान.

व्यवहारात थोरियम ऑक्साइडशी आपल्या लोकांचा परिचय जुना आहे, जरी तो नावानिशी नसला तरी. लग्नकार्यात पेट्रोमॅक्सच्या बत्तीत जे जाळीदार मॅन्टल लावीत, त्यात थोरियम ऑक्साइड सुमारे ९९ टक्के आणि सिरियम ऑक्साइड एक टक्का असे. सुमारे ३,३०० अंश सेल्सिअसपर्यंत न वितळणारे हे ऑक्साइड ज्योतीत तग धरी आणि शुभ्र प्रकाश देई. आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी किरणोत्सर्गी नसलेल्या यिट्रियमची संयुगे वापरतात. प्रत्यक्ष थोरियानाइटचा खडा संग्रहात ठेवायचा असल्यास तो वस्तीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा आणि त्याची धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये. त्यातून निघणारे गॅमा किरण विशेष भेदक असतात.

भारताच्या दृष्टीने या वर्गीकरणाला आणखी एक अर्थ आहे. आपला थोरियमचा प्रचंड साठा केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील मोनॅझाइटच्या वाळूत आहे. मोनॅझाइट हे ऑक्साइड नसून दुर्मिळ मृत्तिका धातूंचे फॉस्फेट आहे, आणि त्यात थोरियम ऑक्साइडचा वाटा साधारण आठ-दहा टक्केच असतो. थोरियानाइटमध्ये थोरियम मुबलक, पण खनिजच दुर्मिळ. मोनॅझाइटमध्ये थोरियम थोडे, पण खनिज विपुल. पहिले संग्रहालयात व प्रयोगशाळेत शोभले, दुसऱ्यावर उद्योग उभा राहिला. १९५५ साली मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे थोरियमचा कारखाना सुरू झाला तो मोनॅझाइटच्या आधारावरच. दोहोंना सरसकट ‘थोरियमचे खनिज’ म्हणून मोकळे झाल्यास कोणता दगड किती थोरियम देईल आणि तो वेगळा करण्यास कोणती प्रक्रिया लागेल, यांपैकी कशाचाच अंदाज बांधता येत नाही. १९०४ साली एका काळ्या खड्याचे नाव बदलण्याइतकी काळजी डन्स्टन यांनी घेतली, ती याचसाठी आवश्यक होती.