बोसा नोव्हाची अमेरिकावारी

बोसा नोव्हा या संगीतप्रकाराचं माहेर ब्राझीलमधलं रिओ द जानेरो. पण जगभर तो गाजला अमेरिकेतून. आणि तिथली त्याची पहिली गाजलेली तबकडी तयार झाली कुठे? वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात! गिटारवादक चार्ली बर्ड सरकारी दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत गेला आणि या सुरांच्या प्रेमात पडून परतला. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झला सोबत घेऊन त्याने ‘जॅझ सांबा’ एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित केली. पुढच्या वर्षी ती बिलबोर्डच्या यादीत पहिली! गायकाशिवायच्या जॅझला असं यश क्वचितच मिळतं.

त्याआधी, १९६२च्याच नोव्हेंबरात जॅझवादक पॉल विंटरच्या चमूने व्हाइट हाउसमध्ये हे सूर ऐकवले, आणि दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जुआंव जिल्बेर्तो, टॉम जोबिम ही खुद्द ब्राझीलची मंडळी अवतरली.

रिओत हे मुख्यतः निवांत बसून ऐकायचं संगीत. अमेरिकेत मात्र ट्विस्टचे दिवस होते, नव्या तालाला नवा नाच हवाच! नृत्यशाळांनी पावलं बसवली, शिकवण्या सुरू केल्या. एल्विस प्रेस्लीनेही १९६३ मध्ये ‘बोसा नोव्हा बेबी’ गायलं. त्यात बोसा नोव्हा नावापुरताच. नाचाची लाट लवकर ओसरली, गाणी टिकली.

सगळ्यात सुंदर गोष्ट आस्त्रुदची. मार्च १९६३, न्यूयॉर्क, गेट्झ आणि जुआंवचं ध्वनिमुद्रण. ‘द गर्ल फ्रॉम इपनेमा’चे इंग्रजी शब्द कुणी गायचे? जुआंवची तरुण पत्नी आस्त्रुद व्यावसायिक गायिका नव्हती, पण इंग्रजी जाणत होती. ती गायली, साधं, सरळ, एकही हरकत न घेता. छोट्या तबकडीसाठी चक्क जुआंवचा आवाज कापला, तिचा ठेवला. १९६५ मध्ये या गाण्याला आणि ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ या अल्बमला ग्रॅमीचे सर्वोच्च मान मिळाले. अल्बमच्या मुखपृष्ठावर मात्र तिचं नाव नव्हतं. हा अन्यायच!

हे गाणं अल्बमवरच ऐका, कारण जुआंव तिथे पूर्ण आहे. त्याच्या गिटारकडे कान द्या: अंगठा सांब्यातल्या मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरतो, बाकीची बोटं त्याला हुलकावणी देत फिरतात. हेडफोन लावा आणि दोन्ही वेगवेगळं ऐकून पाहा.