नाणे नसलेली राजधानी

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही ओळख सर्वांना आहे. पण या राजधानीचे नाणे कोणते, असे विचारले की आम्हा नाण्यांच्या नादी लागलेल्यांची पंचाईत होते.

1939 या एकाच वर्षी आजच्या वाशीम जिल्ह्यात दोन मोठे शोध लागले. मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी मिळाली. तांबे आणि कथलाच्या मिश्रधातूची ही साधी नाणी. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. कुंभ, कर्ण, शक या पुराणांना ठाऊक नसलेल्या राजांची नावे त्यांवरूनच कळली. दुसरा शोध खुद्द वाशीमचा: वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट. दोन्हींवर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी लिहिले. सातवाहनांनी नाणी ठेवली, वाकाटकांनी दानपत्रे ठेवली, असा हा भेद आहे.

गुप्त सम्राट समुद्रगुप्ताने अश्वमेध केला आणि त्याच्या स्मरणार्थ घोड्याचे चित्र असलेली सोन्याची नाणी पाडली. वाकाटक पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले. त्यांची नोंद ताम्रपटांत आहे, नाण्यावर नाही. पुढे गुप्तांची राजकन्या प्रभावती वाकाटकांची सून झाली, तरी माहेरची ही रीत सासरी रुजली नाही.

मग व्यवहार कसा चाले? दानपत्रांतील करमाफीची यादी याबाबत बोलकी आहे. दूध, फुले, मीठ, गवत, चामडे, कोळसा यांची सक्ती माफ, असे त्यांत येते. म्हणजे राजाचे देणे बरेचसे वस्तुरूपात होते, आणि राजा देई ती जमीन. रामशरण शर्मा यांनी या काळातील नाण्यांच्या दुर्मिळतेत व्यापाराची उतरती कळा पाहिली. मला मात्र घाई वाटते. ज्या राजवटीत वराहदेव या अमात्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले, तिला दरिद्री कसे म्हणावे? शिवाय विदर्भात क्षत्रपांची चांदीची नाणी सापडतात. परक्या किंवा जुन्या नाण्यावर बाजार चालू शकतो.

स्मारक नाणे आणि चलन नाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. 2023 मध्ये नव्या संसद भवनानिमित्त निघालेले 75 रुपयांचे नाणे किराणा दुकानात कोणी दिलेले ऐकिवात नाही. ते राज्याचे मिरवणे आहे. बाजाराला सुटे लागतात.

हे सुटे वाकाटकांनीही पाडले होते, असे अजय मित्र शास्त्री यांचे मत. पवनार, मनसर परिसरातील तांब्याची चिमुकली नाणी त्यांनी वाकाटकांची मानली. सर्वांना ते पटलेले नाही. वत्सगुल्माबाबत निकाल लागायचा तर पुरावा येथल्याच मातीतून यावा लागेल. नांगराच्या फाळाला लागलेला झिजका तांब्याचा तुकडा भंगारात गेला, तर त्याबरोबर उत्तरही वितळते. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. एकट्या झिजक्या नाण्याला मोल काय, असे वाटेल. तरीही ते दाखवावे, आणि कोणत्या शेतात, किती खोल सापडले ते लिहून ठेवावे. तऱ्हाळ्याचे राजे तशाच साध्या नाण्यांवरून कळले.