नव्या लग्नाचं व्याकरण: आम्ही, आपण आणि अंदमान

मागच्या दोन व्याख्यानांत आपण करार म्हणजे काय हे पाहिलं. तेव्हा इथल्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, लग्न हा करार आहे का?" उत्तर टाळलं होतं, कारण ते पाच मिनिटांत होण्यासारखं नव्हतं. आज त्याला तासभर देऊ. अर्थात सगळा संसार आपण घेणार नाही. हळदीपासून ते जोडपं बेटावरून परत येईपर्यंतचे फक्त तीनेक आठवडे पाहू.

बेट का म्हणाल, तर वाशी, नेरूळ, खारघरमधल्या कुठल्याही नव्या जोडप्याला विचारा, कुठे जाणार? अंदमान. नाहीतर मालदीव, बाली, फुकेत. सगळी बेटंच! आमच्या वेळी नेरळहून छोट्या गाडीने माथेरानला गेलं की मधुचंद्र झाला. तिथे मोटार येत नाही, एवढंच काय ते बेटपण.

सुरुवात एका भांडणापासून करू. आमच्याकडे शिकलेली एक मुलगी लग्नानंतर भेटायला आली. प्रवास कसा झाला विचारलं तर म्हणाली, "छान झाला सर, फक्त चौथ्या संध्याकाळी बोलणं बंद होतं." कारण काय? हॅवलॉकला जेवताना माशाचं कालवण आलं. ही सहज म्हणाली, "आमच्याकडे एवढं आंबट नसतं." नवरा हसून म्हणाला, "आता आमच्याकडे म्हणजे नक्की कुठे?" त्याने गंमत केली होती. हिला ती गंमत वाटली नाही. पुढचे तीन तास समुद्र एकीकडे आणि ही दोघं दोन दिशांना तोंड करून.

हसण्यासारखं आहे, पण थांबा. हे भांडण इंग्रजीत होऊच शकलं नसतं. इंग्रजीत 'वुई' एकच. हिंदीत 'हम' एकच. मराठीत मात्र दोन आहेत. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं, ज्याच्याशी बोलतोय तो सोडून. 'आपण' म्हणजे तोही धरून. गुजरातीत हा भेद आहे. तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनम्'. म्हणजे आपल्या भाषेत तोंड उघडलं की समोरच्याला आत घेतलं की बाहेर ठेवलं, हे प्रत्येक वाक्यात सांगावंच लागतं. लपवायची सोय नाही. त्या मुलीने "आमच्याकडे" म्हटलं तेव्हा व्याकरणाने नवरा बाहेर राहिला. आणि तिची तरी काय चूक? सव्वीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात जेवली त्याला ती अकरा दिवसांत काय म्हणणार?

तेव्हा आजचा प्रश्न असा की, दोन माणसं एकमेकांशी बोलताना 'आपण' म्हणायला लागतात ती नेमकी कधी?

कायद्याला विचारू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं सातवं कलम म्हणतं की, दोघांपैकी कुठल्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होतं. आता योगायोग बघा. त्याच १९५५ साली जे. एल. ऑस्टिन नावाचा ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ हार्वर्डमध्ये व्याख्यानं देत होता. त्याचा मुद्दा असा की, काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते. "मी वचन देतो" म्हटलं की वचन दिलं गेलं. त्याचं एक आवडतं उदाहरण लग्नातल्या होकाराचं. म्हणजे तिकडे लग्न तोंडाने लागतं आणि आपल्याकडे कायद्याने ते पायाने लागतं! वधूवर मंगलाष्टकात चकार शब्द बोलत नाहीत. बोलतात भटजी आणि मामा, अक्षता आपण टाकतो, आणि चालतात ती दोघं.

हा नुसता शब्दच्छल नाही बरं का. परदेशी नोकरी असली की व्हिसासाठी आधी नोंदणी करून ठेवायची आणि लग्न पुढे मुहूर्त पाहून करायचं, असं हल्ली बरीच घरं करतात. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, विधी झालेच नसतील तर हिंदू विवाह कायद्याखालचं नुसतं प्रमाणपत्र म्हणजे लग्न नव्हे. नोंदणी ही झालेल्या लग्नाचा पुरावा असते, ती लग्न घडवत नाही. ज्यांना विधी नकोत त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. इथे कोणाच्या घरी असं काही चाललं असेल तर हे आजच तपासून घ्या.

पण पाऊलच का? पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'साप्तपदीन' हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ मैत्री. सात पावलं बरोबर चालल्याने मिळते ती. सप्तपदीतही पहिलं पाऊल अन्नासाठी, मग बळ, धन, सुख, संतती, ऋतू, आणि शेवटचं सातवं मैत्रीसाठी. संततीनंतर मैत्री येते, हा क्रम आम्हाला फार विचार करायला लावतो.

आणि १९९० मध्ये मार्गारेट गिल्बर्ट या तत्त्वज्ञ बाईंनी एक निबंध लिहिला, विषय नेमका हाच: दोन माणसं बरोबर चालतात म्हणजे काय? त्यांचा युक्तिवाद आपल्या भाषेत सांगतो. वाशी स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊला तुमच्या शेजारून एक अनोळखी माणूस त्याच वेगाने चालतोय. तो पुढे गेला तर तुम्ही त्याला काही म्हणता का? नाही. पण बायकोबरोबर चालताना नवरा न बोलता वीस पावलं पुढे निघून गेला (आमच्या पिढीतले सगळेच जायचे), तर ती म्हणू शकते, "अहो, थांबा की!" तिला तो हक्क आहे. गिल्बर्टबाई म्हणतात, 'आपण'ची खूण हीच. प्रेम किती आहे हा वेगळा प्रश्न. एकमेकांना हटकण्याचा हक्क आहे का, हे बघा.

त्या मुलीला आम्ही हेच सांगितलं. नवऱ्याने हटकलं, तुला राग आला, म्हणजे 'आपण' तयार व्हायला लागलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तेच विचारलं असतं तर तू नुसती हसली असतीस.

आता लग्नाकडे परत येऊ. आपण बसलोय ती जमीन कोणाची? १९७० साली सिडको झाली, पंचाण्णव गावांची जमीन गेली, आणि शहर उभं राहिलं. त्या गावांतल्या आगरी-कोळी घरांत लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्याने. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. एकेका विधीचं गाणं तिला पाठ. कुठल्या वेळी काय करायचं हे तीच सांगणार. पुरोहित बाई, आणि पोथी तोंडपाठ! आज हळदीला डीजे असतो, भटजीही येतात, पण काही गावांत अजून धवलारणीला मान आहे. आणि 'धवळे' हा शब्द किती जुना! महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री आपण तिला मानतो. म्हणजे मराठीत बाईची पहिली कविता लग्नाची आहे. साहित्याच्या इतिहासात आपण हे वाचतो आणि आपल्याच शेजारच्या गावातली धवलारीण मात्र आपल्याला माहीत नसते. असो.

लग्न लागतं. मग लगेच दोघांना एकान्त मिळतो का? छे. तांदळात अंगठीने नाव लिहायचं. कायदा नाव बदला म्हणत नाही, पण ताट समोर येतंच. सत्यनारायण, गोंधळ, मांडवपरतणी, कुलदैवत. जेजुरीला नवऱ्याने बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या, आणि भोवती मोबाइल धरून तीस नातेवाईक. या सगळ्याला नावं ठेवण्याची फॅशन आहे. आम्ही ठेवणार नाही. 'आम्ही' मोठं करण्याची ही पद्धत आहे. आमच्यात एक मुलगी आली, आमच्यात एक जावई आला. फक्त यात दोघांचं 'आपण' कुठेच नसतं. हेगेल म्हणतो, लग्न करारापासून सुरू होतं ते करार ओलांडण्यासाठी. ठीक आहे. पण आपल्याकडे करार दोन घरांचा, आणि ओलांडायचं मात्र दोघांनी!

पूर्वी हे कसं साधत असतील? न्यायमूर्ती रानड्यांचं रमाबाईंशी लग्न झालं १८७३ साली. त्या अकरा वर्षांच्या, ते तिशी ओलांडलेले. आज हे वाचतानाही अवघड वाटतं आणि वाटावंच. लग्नानंतर लगेच रानड्यांनी त्यांना अक्षरं शिकवायला घेतली. घरातल्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. बाहेर सगळं घर, आणि आत दोन माणसं व एक पाटी. त्यांचं बेट ते. रानडे १९०१ साली गेले, आणि १९१० साली रमाबाईंचं पुस्तक आलं: 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. 'माझ्या' नाही, 'आमच्या'. नऊ वर्षं झाली नवरा जाऊन, तरी सर्वनाम अनेकवचनी.

याच्या उलट रखमाबाई. त्यांचंही लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी नाकारलं. १८८४ साली त्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. विधी सगळे रीतसर झाले होते. 'आपण' तेवढं झालं नव्हतं, आणि ते हुकमाने होत नाही. नांदायला पाठवण्याचा दावा मात्र आजही त्याच १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमात आहे.

आता बेटावर जाऊ. तिथे पोहोचल्यावर पहिला धक्का सूर्याचा. थंडीत अंदमानला सव्वापाचच्या सुमारास काळोख पडायला लागतो. घड्याळ तर आपलंच! कारण सोपं आहे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७३ च्या आसपास, पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, ९३ च्या जवळ. वीस अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे एक तास वीस मिनिटं. एकाच घड्याळावर दोन सूर्य. लग्नाचंही पहिल्या महिन्यात तसंच असतं. एकाची सकाळ साडेपाचला होते आणि दुसऱ्याची नऊला.

दुसरी गोष्ट फोनची. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाली. त्याआधी तिथे इंटरनेट कसंबसं चालायचं. आता राधानगरच्या किनाऱ्यावरून दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो जातात, आणि दहा मिनिटांत आत्याबाईंचा प्रश्न येतो, "मंगळसूत्र कुठंय?" त्या मुलीला आम्ही विचारलं, भांडण मिटलं कसं? म्हणाली, त्याने आईला फोन लावला आणि विचारलं, "आई, आपण कालवणात चिंच घालतो की कोकम?" आणि हिला वाटलं, हा 'आपण' माझ्यासकट आहे की माझ्याशिवाय? विचारल्यावर तोही गोंधळला. मग दोघं हसली.

तिसरी गोष्ट सेल्युलर जेल. बहुतेक जोडपी तिथे जातात, प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम बघतात, हातात हात घालून फोटो काढतात. १९०६ साली पूर्ण झालेली ती इमारत. मध्ये मनोरा, तेव्हा सात बाजूंना सात फांद्या होत्या, आणि रचना अशी की एका फांदीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. दोन कैद्यांची नजरही भिडू नये. 'आम्ही' म्हणताच येऊ नये अशी विटांची व्यवस्था. सावरकरांचं लग्न १९०१ सालचं. १९०६ ला ते लंडनला गेले, १९१० ला अटक, १९११ ला अंदमान. यमुनाबाईंना तिथे भेट मिळाली ती १९१९ मध्ये. सावरकरांविषयी मतं काहीही असोत, ती आठ वर्षं त्या बाईंची होती. त्यांचीही वाट अंदमानलाच जाणारी. हे माहीत असेल तर फोटो काढू नका असं आम्ही म्हणत नाही. फोटो जरूर काढा. फक्त त्या कोठडीत दोघांनी एकदम शिरू नका, एकेकट्याने पाच मिनिटं उभं राहा आणि मग बाहेर भेटा.

एक चिठ्ठी आली आहे. कोणी काकू विचारतायत: "मुलाचं लग्न १२ तारखेला, १५ ला त्यांचं विमान. सत्यनारायण आधी की आल्यावर?"

काकू, आल्यावर करा. आणि ती दोघं परत येतील त्या दिवशी स्वयंपाक काय करायचा ते सुनेला विचारा. तिने "आमच्याकडे" म्हणून सुरुवात केली तरी पूर्ण ऐकून घ्या, आणि चिंच घाला की कोकम, ते त्या दोघांना ठरवू दे.